सलग २४ जिंकलेले वॉरियर्स मिलवॉकीत हरलेच कसे?

पाचोऱ्याचा_पॉइंटगार्ड

आमच्या जळगावच्या होस्टेलवर सध्या जुन्या मॅचेस बघायचं खूळ आहे. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा २०१५-१६ चा सीझन लावलाय. ८२ पैकी ७३ जिंकले, हे तर पोरांना तोंडपाठ आहे. पण १२ डिसेंबर २०१५ ची मॅच पाहिली आणि रूममध्ये वाद पेटला. पहिल्या २४ च्या २४ जिंकून आलेली टीम मिलवॉकी बक्सकडून १०८-९५ अशी हरते? आणि बक्स त्या वर्षी काही फार मोठी टीम नव्हती.

माझा एक रूममेट नंदुरबारचा. तो म्हणी राहिला, "सोडून दिली भो. एवढी लांबलचक लीग, एक गेली तर काय बिघडतं?" दुसऱ्याचं म्हणणं, मुख्य कोच नव्हता म्हणून. स्टीव्ह कर पाठीच्या ऑपरेशनमुळे बाहेर होता हे खरं, पण २४ जिंकले ते पण ल्यूक वॉल्टनच्याच हाताखाली ना? मग त्याच रात्री काय झालं? भुसावळचे आप्पा इथे असतील तर त्यांनी सांगावं, बाकीच्यांनीही.

धुळेकर_वकील

यात वाद घालण्यासारखं काय आहे? त्या मॅचला वॉरियर्सनी २६ थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट मारले, पडले ६. सीझनची त्यांची टक्केवारी ४१.६. त्या हिशोबाने २६ मधले ११ तरी पडायला हवे होते. पाच थ्री कमी म्हणजे १५ गुण कमी, आणि हरले १३ ने. केस बंद.

भुसावळचे_आप्पा

वकीलसाहेब, हिशोब बरोबर, पण तुम्ही पंचनामा केला, कारण कुठे सांगितलं? ६ च का पडले?

पोरा, आदल्या रात्रीची मॅच बघितली का? नसेल तर ती आधी लाव. ११ डिसेंबर, बोस्टन. दोन ओव्हरटाइम झाले, १२४-११९ जिंकले. ४८ मिनिटांची मॅच ५८ मिनिटं चालली. वॉरियर्सच्या स्टीफन करीने ३८ गुण मारले. क्ले थॉम्पसनचा घोटा दुखावलेला, तो त्या रात्री बसूनच होता. हॅरिसन बार्न्स तर त्याआधीपासून बाहेर. म्हणजे होते त्यांच्यावर सगळा भार. मग विमानात बसून जवळपास चौदाशे किलोमीटर मिलवॉकी, आणि दुसऱ्या रात्री परत मॅच. त्यात हा दौरा ३० नोव्हेंबरला युटाहून सुरू झालेला. बाहेरगावच्या सात मॅचेस ओळीने, ही सातवी.

मी मालगाडीचा गार्ड होतो आणि डिपार्टमेंटच्या टीममध्ये खेळायचो. इगतपुरीहून रात्रभर गाडी आणायची आणि सकाळी कोर्टावर उभं राहायचं, असं पुष्कळदा झालंय. तेव्हा एक गोष्ट कळली, जी टीव्हीवर दिसत नाही. दमलेल्या माणसाचा शॉट वाकडा जात नाही, तो आखूड पडतो. नेम शाबूत असतो, हात शाबूत असतो. गुडघाच वाकत नाही. मग चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला टण्णकन लागून तुमच्याच अंगावर परत येतो. संध्याकाळी आमच्या पोरांना मी आधी पळवतो आणि मग शॉट मारायला लावतो. ताजेतवाने असतात तेव्हा चुकलेला चेंडू मागच्या कडेला किंवा बोर्डाला लागतो. दमले की सगळा माल पुढच्या कडेवर. एनबीएतल्या थ्रीची रेघ समोरून ७.२४ मीटरवर, आपली ६.७५. तो जास्तीचा अर्धा मीटर पायातूनच आणावा लागतो.

आता "सोडून दिली" चं. बक्सचे पब्लिक "२४-१", म्हणजे २४ विजय आणि १ पराभव, असं छापलेले टी-शर्ट घालून आले होते. मॅच व्हायच्या आधी छापलेले, बरं का! आपल्याकडे गल्लीतल्या टूर्नामेंटला असा शर्ट घालून कोणी आला असता तर त्याच शर्टात घरी गेला नसता. वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनला ते चांगलंच झोंबलं. १८ डिसेंबरला बक्स ओकलंडला आले, तिथे वॉरियर्सनी १२१-११२ ने वचपा काढला. सोडून दिलेल्या मॅचचा कोणाला एवढा राग येतो का? सांग तुझ्या नंदुरबारवाल्याला.

अमळनेरची_सई

आप्पा, पायांचं पटलं, पण अर्धंच. मी विद्यापीठाकडून खेळलेय, आखूड शॉट मीही मारलेत. पण मग ६ मार्च २०१६ चं काय? लेकर्सकडून ११२-९५. त्या दिवशी वॉरियर्स ५५-५ होते आणि लेकर्स १२-५१! आधीची मॅच ३ मार्चला घरच्या कोर्टावर, म्हणजे मध्ये दोन दिवस पूर्ण मोकळे. तरी ३० मधले ४ थ्री पडले. करी आणि थॉम्पसन मिळून १८ मध्ये १. आणि १९ फेब्रुवारीला पोर्टलंडकडून १३७-१०५, ती तर ऑल-स्टारच्या, म्हणजे सीझनच्या मधल्या सुट्टीनंतरची पहिलीच मॅच. तेव्हा कुठली इगतपुरी नि कुठली मालगाडी?

भुसावळचे_आप्पा

सईताई, म्हणूनच नुसते पाय सांगून मी थांबणार नव्हतो, जेवायला उठलो होतो.

पोर्टलंडची गोष्ट वेगळी ठेवा. डेमियन लिलार्डने एकट्याने ५१ मारले, त्याला कोण काय करणार. लेकर्सची मात्र धरा. थ्रीचं आमच्या रावेरच्या केळीच्या भावासारखं आहे. पाय ताजे असले तरी एखाद्या दिवशी पडतोच, आणि तो कधी पडेल ते कोणाला आधी कळत नाही. म्हणून मी पोरांना विचारतो, थ्री पडत नाहीत त्या दिवशी तुमच्याकडे दुसरं काय आहे?

मिलवॉकीची मॅच या नजरेने बघा. बक्स त्या वर्षी थ्री फारसे मारतच नसत. त्यांचा सगळा कारभार आत. ग्रेग मनरोने रिंगपाशी पाठ लावून लावून २८ केले. वॉरियर्सची सवय अशी, की लहान चणीचे पाच जण घालायचे आणि समोरच्याला पळवून दमवायचं. पण ते चालतं केव्हा? तुमच्यात पळायचा दम असतो तेव्हा. त्या रात्री दम नव्हता, मग लहान चणीचा फायदा गेला आणि तोटा तेवढा राहिला. मनरोला आत अडवायचं कोणी?

दुसरा यानिस अँटेटोकुंपो. नुकतीच एकविशी भरलेलं पोरगं. ११ गुण, १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), १० असिस्ट (बास्केट होईल असा पास). तिन्ही आकडे दहा किंवा वर, म्हणजे ट्रिपल-डबल, त्याच्या आयुष्यातला पहिला. ११ गुण बघून कोणी म्हणेल त्यात काय एवढं. पण ते १२ रिबाउंड बघा. वॉरियर्सचा आखूड शॉट रिंगवरून परत आला की तो हातभर उंचावरून उचलायचा आणि कोणाला न देता स्वतःच घेऊन पळायचा. म्हणजे चुकलेला थ्री नुसता वाया गेला नाही, चार सेकंदांत तोच चेंडू वॉरियर्सच्या रिंगखाली. दमलेल्या माणसाला शॉट चुकल्याचं दुःख नसतं हो, शॉट चुकल्यावर मागे पळावं लागतं त्याचं असतं.

वकीलसाहेबांचे १५ गुण कागदावर बरोबर आहेत. पण त्या पाच चुकलेल्या थ्रींपैकी दोन-तीन बक्सच्या खात्यात गेले असतील, ते कुठे धरले?

धुळेकर_वकील

आप्पा, बठ्ठं पटनं. पण मग इतर टीमांनी यावरून काही शिकायला हवं होतं. तसं दिसत नाही. बक्सनंतर फक्त आठ मॅचेस हरले ते.

भुसावळचे_आप्पा

शिकून काय करणार? आत मनरो हवा, बाहेर यानिस हवा, आणि आदल्या रात्री कोणीतरी त्यांना दोन ओव्हरटाइम खेळवायला हवेत. असं रोज कुठे जमतं! एक मात्र बघा. नऊपैकी सात पराभव बाहेरगावचे. घरी दोनच, आणि ते दोन्ही एप्रिलमधले. बोस्टनकडून १०९-१०६ आणि मिनेसोटाकडून ओव्हरटाइममध्ये १२४-११७. तोवर ७३ च्या मागे धावून धावून तेही मेटाकुटीला आले होते, असं माझं मत.

पाचोऱ्याचा_पॉइंटगार्ड

आप्पा, बोस्टनवाली आत्ताच लावली. दुसऱ्या ओव्हरटाइमला करी चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतोय. नंदुरबारवाला अजून "सोडून दिली" वरच अडून आहे, पण आवाज उतरलाय. बाकी मिलवॉकीवाल्यांनी आयुष्यभर पुरेल असं काहीतरी केलं राव.

अमळनेरची_सई

त्यांची ती जुनी खोड आहे. १९७१-७२ ला लेकर्स सलग ३३ जिंकले होते. ९ जानेवारी १९७२ ला ती रांग कोणी तोडली? मिलवॉकी बक्सनीच, १२०-१०४.

पाचोऱ्याचा_पॉइंटगार्ड

काय सांगता ताई! ती मॅच कुठे बघायला मिळेल का?

भुसावळचे_आप्पा

आधी परीक्षा कधी आहे ते सांग.