सर्व्हेच्या बिलात डिझेल अन् मोजणी फीवर जीएसटी लावायचा का?

प्रश्न (दारव्हा): सोलर कंपनीसाठी शेताचा सर्व्हे केला. फी २०,०००, गाडीचं डिझेल ३,०००, भूमी अभिलेखात मोजणी फी भरली २,०००. जीएसटी नंबर आहे. १८ टक्के कशाकशावर लावू?

उत्तर (पुसद): भाऊ, डिझेल तुमच्याच कामाचा खर्च आहे. पंपावर त्याला जीएसटी नसला तरी जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो तुमच्या सेवेच्या किमतीत धरला जातो. म्हणजे २३,००० वर ४,१४०. मोजणी फीचं चलन कंपनीच्या नावानं असेल अन् भरायला त्यांनी लेखी सांगितलं असेल, तर जीएसटीच्या नियम ३३ नुसार ‘प्युअर एजंट’ (म्हणजे त्यांच्या वतीनं फक्त पैसे भरणारा) म्हणून वेगळ्या ओळीत नेमके २,०००, करमुक्त. एकूण २९,१४०. चलन तुमच्या नावानं फाडलं की गोष्ट बिघडते. वर एक रुपयाही चढवू नका.

उत्तर (वणी): मशीन भाड्यानं आणली अन् बिल १,००० अधिक १८० जीएसटी असं तुमच्या नंबरवर असेल, तर १८० चं क्रेडिट घ्या (म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा करा), कंपनीला १,००० च दाखवा. १,१८० वर पुन्हा १८ टक्के लावणं म्हणजे करावर कर. हीच चूक जास्त होते.

उत्तर (पुसद): बरोबर जी. अन् ज्यांचा नंबरच नाही, त्यांनी बिलात जीएसटीची ओळ टाकूच नये.