मदत हवी आहे : अर्धवट संशोधन परिषदेत वाचायचंय, कामाचा अभिप्राय कसा मिळवू?

रानजाई
पुढच्या आठवड्यात परिषद आहे. पेपर घेतलाय त्यांनी, पण काम निम्मंच झालंय. आजवरचा अनुभव असा की वाचून झालं की सत्राध्यक्ष 'अतिशय मोलाचं काम' म्हणतात, टाळ्या पडतात, पुढचा माणूस उठतो. मला कुणीतरी खोट काढणारं हवंय. गाईड म्हणतात, 'वाचून तर ये.' लवकर सांगा, पीपीटी परवा पाठवायची आहे.

खटपट्या
विषय कोणता? वेळ किती? निम्मं म्हणजे नक्की काय राहिलंय?

रानजाई
विषयाचा काय संबंध? प्रश्न अभिप्रायाचा आहे. वेळ १५ मिनिटं, प्रश्नांसकट.

कोड_कुळकर्णी
पोस्टर मागून घ्या. आमच्याकडे कॉम्प्युटरवाले अर्धवट काम पोस्टरवरच मांडतात. ए-झीरो कागद, त्यावर एक आलेख, आणि तुम्ही शेजारी उभे. ज्याला रस आहे तोच थांबतो आणि पाऊण तास डोकं खातो. भाषणात ते होत नाही.

पेटंटपंत
थांबा! आधी अर्ज केलाय का? विद्वत्सभेत वाचल्यावर भारतात १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर चालतं, पेटंट कायद्याचं कलम ३१ बघा. युरोपात मात्र एकदा जाहीर वाचलं की नावीन्य गेलं.

रानजाई
अहो, इतिहास आहे माझा! पुणे जिल्ह्यातली मोडीतली कर्जखतं. १८७५ च्या दंग्यांच्या, म्हणजे शेतकरी सावकारांवर उठले त्याच्या, आधीची आणि नंतरची.

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं हो.

सावध_राही
काहीही दाखवू नका. माझ्या एका टिपणाची गोषवारा-पुस्तिकेतून उचलेगिरी झाली आहे. छापून आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

तिरकस
राहीताई, मोडी वाचणारे आधीच मोजके. चोरायचं म्हटलं तरी चोराला ती खतं वाचावी लागतील ना!

सावध_राही
खतं नाही चोरत कुणी, प्रश्न चोरतात. आणि मोडीचे वर्ग हल्ली गावोगाव निघालेत, जरा बाहेर पडा.

कुंदा_मावशी
मोडीचा विषय निघालाच आहे तर, माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत वतनाचे कागद आहेत. वाचून देणारं कुणी नगरकडे आहे का?

तिरकस
मावशी, वेगळा धागा काढा. मूळ दुखणं असं आहे की यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी दोन पेपर वाचणं सक्तीचं होतं. तेव्हापासून परिषदा म्हणजे प्रमाणपत्र, जेवणाचं कूपन आणि पिशवी. २०२२ मध्ये ती सक्ती गेली.

कोड_कुळकर्णी
कागदावर गेली. आमच्या विद्यापीठात अजून मागतात.

रानजाई
कृपया मूळ प्रश्नावर या. आमच्या परिषदेत पोस्टर नसतं.

बखरवाचक
मी अशा सत्रांचं अध्यक्षपद बरेचदा केलं आहे. अध्यक्ष स्तुती करतात कारण त्यांनी पेपर वाचलेलाच नसतो. आदल्या रात्री पाकीट हातात पडतं. तेव्हा आजच कार्यक्रमपत्रिका बघा आणि कृषी-इतिहासातल्या दोघांना मेल करा. अख्खा पेपर नको, चार पानं, आणि वर एकच ठोस शंका. 'आपलं मत कळवावं' लिहिलंत तर आशीर्वाद येईल. पार्श्वभूमीला दोन मिनिटं पुरेत, दंगे जिथे सुरू झाले त्या सुप्यात काय झालं हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' नको, तिथे एखादं अडलेलं खत लावा. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पडद्यावर तेच दिसत राहील.
तुमची शंका कोणती आहे?

रानजाई
धन्यवाद सर. १८७९ नंतर गहाणखतं एकदम घटतात आणि खरेदीखतं वाढतात. सावकारी कमी झाली असं लिहू का? निम्मे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, अजून वाचायचेत.

बखरवाचक
अजिबात लिहू नका. दंग्यांनंतर शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी झालेल्या १८७९ च्या कायद्याने कोर्टाला गहाणाचा हिशेब उकरून काढायची मुभा दिली. म्हणून सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले आणि परत देण्याचा करार राहिला तोंडी. व्यवहार जुनाच, कागद नवा. दुसरं, दंग्यात लोकांनी खतं वेचून जाळली आणि नंतर कायद्याने खतं गावच्या रजिस्ट्रारपुढे करायची झाली. म्हणजे आधीचे कागद जळालेले, नंतरचे नोंदलेले. या दोन ढिगांची सरळ तुलना कशी करणार?

सावध_राही
बघा, इथेच सगळं उघडं पडलं.

तिरकस
उघडं पडलं म्हणूनच खोट कळली, राहीताई.

मुळशीकर
मुळात ते दंगे एवढे मोठे होते का? इतिहासकार चार्ल्सवर्थने १९७२ मध्येच तो फुगवलेला प्रकार म्हटलंय.

बखरवाचक
लहान असोत की मोठे, कायदा झाला आणि खतं बदलली. रानजाईंचा पेपर खतांवर आहे.

रानजाई
मग खरी विक्री आणि नावापुरती विक्री वेगळी कशी काढायची?

बखरवाचक
खरेदीखतानंतर त्याच शेतकऱ्याने त्याच जमिनीची कबुलायत, म्हणजे कूळ म्हणून कसण्याचा करार, लिहून दिली आहे का ते बघा. विकणाराच कूळ होऊन कसतोय आणि किंमत जुन्या कर्जाएवढी भरतेय, तर संशय घ्या. नुसता संशय, पुरावा नव्हे.

रानजाई
कबुलायती वेगळ्या रुमालात आहेत, त्या मी बाजूला ठेवल्या होत्या. एका जोडीत तारीखही एकच दिसतेय. हीच शेवटच्या स्लाइडवर लावते.

बखरवाचक
लावा. सोबत देवनागरी लिप्यंतर द्या, नाहीतर १५ मिनिटं अक्षरं लावण्यातच जातील.

कुंदा_मावशी
नगरचं कुणी?