जावा: दोन लिस्ट एकत्र होईनात, मदत हवी आहे (अर्जंट)

हळदीचा_हिशोब, दुपारी १:१२
नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं पट्ट्यांचं (शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्यांचं) सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे. हळदीच्या शेतकऱ्यांची एक लिस्ट, बेदाण्याच्या शेतकऱ्यांची एक. दोन्ही मिळून एक पाहिजे. एका लिस्टमध्ये दुसरी ओतणारं ॲडऑल वापरलं, चालत नाही. काल घरी हेच चाललं होतं! पाचला मालकांना पट्ट्या छापून द्यायच्यात. पटकन सांगा कुणीतरी. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

जुना_कोडर, १:१९
चालत नाही म्हणजे नक्की काय? कंपाइल होत नाही, चालता चालता पडतं, की उत्तर चुकतं? जावा कुठली? कोड टाका.

पायथॉनपंत, १:२१
जावा कशाला लगा? पायथॉनमध्ये मधे अधिकचं चिन्ह टाकलं की दोन लिस्ट जोडल्या.

हळदीचा_हिशोब, १:२४
एरर येतो. जावा साधीच आहे. कोड: हळद.ॲडऑल(बेदाणा). एवढंच.

कृष्णाकाठ, १:३०
ॲडऑल लिस्ट परत देत नाही, ट्रू नाहीतर फॉल्स देतं. तुम्ही "सगळे = हळद.ॲडऑल(बेदाणा)" लिहिलं असणार. पहिल्या नोकरीत माझा अर्धा दिवस ह्यातच गेला होता.

हळदीचा_हिशोब, १:३१
नाही लिहिलं. वर बघा की जरा.

स्ट्रीमवाली, १:३८
स्ट्रीम.कॉनकॅट वापरा, जावा ८ पासून आहे. स्ट्रीम म्हणजे लिस्टमधल्या नोंदींचा प्रवाह, कॉनकॅट दोन प्रवाह जोडतं. दोन्ही लिस्टचे स्ट्रीम त्याला द्या आणि शेवटी कलेक्ट करून नवी लिस्ट घ्या.

जुना_कोडर, १:४१
दोन लिस्टसाठी स्ट्रीम? डोंगर पोखरून उंदीर.

स्ट्रीमवाली, १:४४
ॲडऑलनं मूळ हळदीची लिस्टच बदलते. उद्या मालकांनी नुसत्या हळदीची बेरीज मागितली की त्यात बेदाणा निघेल. मग बघा उंदीर केवढा आहे ते.

जुना_कोडर, १:४७
मग नवी ॲरेलिस्ट (हवी तेवढी वाढणारी लिस्ट) करायची आणि दोन्ही तिच्यात ओतायच्या. पण आधी एररचं नाव सांगाल का, धागाकर्ते?

भडंगप्रेमी, १:५०
बेदाणा काय दरानं चाललाय सध्या?

हळदीचा_हिशोब, १:५८
अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन. खाली ॲबस्ट्रॅक्टलिस्ट.ॲड असं दोनदा, मग ॲबस्ट्रॅक्टकलेक्शन.ॲडऑल.

जुना_कोडर, २:०१
हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकलं असतं तर आतापर्यंत जेवून झालं असतं आपलं. हळदीची लिस्ट ॲरेज.ॲजलिस्टनं केलीय ना? लिस्ट.ऑफ असती, म्हणजे अजिबात न बदलणारी, तर तिथं इम्युटेबलकलेक्शन्स दिसलं असतं.

हळदीचा_हिशोब, २:०४
हो. घरी फाइलमधनं वाचून ॲरेलिस्टमध्ये घेत होतो. इथं फाइल आणायची राहिली, म्हणून २० नावं हातानं टाकली. पण त्यानं काय होतं?

जुना_कोडर, २:०७
सगळं त्यानंच झालंय. ॲजलिस्ट नवी लिस्ट बनवत नाही, तुमच्या ॲरेलाच लिस्टचं रूप देते. ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले कप्पे, त्याची लांबी ठरलेली. आतलं नाव बदलता येतं, एकही वाढवता येत नाही.

कृष्णाकाठ, २:१०
इथल्या हरिपूरच्या पेवासारखं, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यासारखं. खड्डा जेवढा, हळद तेवढीच.

हरिपूरकर, २:१५
पेव एकदा भरून तोंड बंद केलं की आतला माल कोण बदलतो? ही उपमा लिस्ट.ऑफला लागू होईल, ॲजलिस्टला नाही. आणि पेवं राहिलीत कुठं, २००५ च्या पुरानं बरीच गेली.

हळदीचा_हिशोब, २:३३
नव्या ॲरेलिस्टनं चाललं!! पण दोन्ही माल आणलेला शेतकरी दोनदा येतोय. दुबार नोंद न ठेवणाऱ्या लिंक्डहॅशसेटमध्ये टाकलं तरी दोनदाच.

स्ट्रीमवाली, २:३६
शेतकरी हा तुमचा स्वतःचा क्लास (नोंदीचा साचा) असणार. त्यात इक्वल्स आणि हॅशकोड, म्हणजे दोन नोंदी एकच का हे ठरवणारं, लिहिलंय का? नसेल तर सेटच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

जुना_कोडर, २:४०
थांबा, थांबा. सेट चालला तर दुसरी नोंद गळेल आणि त्या माणसाच्या बेदाण्याचे पैसे जातील. तुम्हाला दुबार काढायचंय, का एका पट्टीवर बेरीज हवीय?

हळदीचा_हिशोब, २:४२
बेरीजच. ते उघड आहे ना?

जुना_कोडर, २:४९
तुम्हाला उघड आहे. मग सेट सोडा, मॅप घ्या, म्हणजे प्रत्येक किल्लीपुढं एक रक्कम. दोन्ही लिस्टवरनं फिरा आणि प्रत्येकाला मॅप.मर्ज(किल्ली, रक्कम, बिगडेसिमल::ॲड). किल्ली आधीच असेल तर रक्कम मिळवली जाते, नसेल तर नवी नोंद होते. रकमेला डबल हा आकड्याचा प्रकार वापरू नका, त्यात दशांश बारीक चुकतात आणि पैशाचा हिशोब आहे.

हळदीचा_हिशोब, २:५१
किल्ली म्हणून नाव चालेल ना?

हरिपूरकर, २:५२
आवं, एका गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतील. एकाचे पैसे दुसऱ्याच्या पट्टीवर गेले की सकाळी दुकानात कोण उभं राहणार, तुम्ही का मालक? खाते क्रमांक घ्या.

हळदीचा_हिशोब, ४:४०
खाते क्रमांकावर केलं, बेरीज वहीशी जुळली. सगळ्यांचे आभार, जुने कोडरसाहेबांचे जास्त. आता प्रिंटरमध्ये कागद अडकलाय. त्याचा वेगळा धागा काढू का?

जुना_कोडर, ४:४२
काढा. पण प्रिंटर कुठला ते पहिल्या ओळीत लिहा.

भडंगप्रेमी, ४:५५
बेदाण्याचा दर राहिला सांगायचा.