मदत हवी आहे : जुन्या एमएम ५४० च्या ट्रान्सफर केसचा ड्रेन प्लग उघडायला नेमकं कोणतं हत्यार?

घाटमाथा (जुन्नर) :

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. मिरवायला ठेवलेली नाही. शेतावर जायला आणि पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवर सामान पोचवायला रोज लागते. या पावसात ओढ्याला पाणी जास्त होतं. त्यानंतर ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याचा, तेल भरायचा प्लग उघडून बोट घातलं, तर तेल दुधाळ झालेलं. पाणी शिरलंय, म्हणजे आता सगळं काढून नवीन भरल्याशिवाय गत्यंतर नाही. बेअरिंगं गंजायला लागली तर हा डबा पुन्हा उभा करणं किती खर्चाचं आहे, ते जीपवाल्यांना सांगायला नको.

अडचण खालच्या, तेल काढायच्या ड्रेन प्लगची आहे. प्लगला बाहेर डोकं नाही, आत चौकोनी खाच आहे. आधीच्या मालकाकडे असताना कुठल्यातरी गॅरेजात त्यावर छिन्नी-हातोडी चाललेली दिसते, कारण खाचेच्या तोंडाचे चारही कोपरे गोल झालेत. आत मात्र कोपरे शाबूत आहेत. व्हर्निअरने मोजलं : तोंडाशी १३.५ मिमी, आत साधारण १२.५ मिमी. अर्धा इंची रॅचेटचं टोक १२.७ मिमी असल्यामुळे ते अर्ध्यात अडकतं आणि नेमकं खराब भागावरच जोर देतं. ३/८ इंची टोक (९.५ मिमी) आत गरगर फिरतं. फ्रेंच गाड्यांच्या ड्रेन प्लगसाठी ८ मिमी चौकोनी चाव्यांचा संच ऑनलाइन मिळतो, त्यात १० मिमीच्या पुढचं काही नाही. शिवाय चेसिसच्या आडव्या पट्टीमुळे खाली जागा कमी, लांब दांडा सरळ बसत नाही.

आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, प्लगवर नट वेल्ड करू आणि फिरवू. कदाचित उघडेलही. पण तो डबा बिडाचा आहे, आत तेल आहे, बाजूने डिझेलची नळी गेलेली आहे. मला ते नको वाटतं. प्लग वाचवून उघडेल असं हत्यार कुठे मिळतं, की बनवून घ्यावं लागेल? बनवायचं तर कशाचं?

चिखलवाट (नाशिक) :

भरायचा प्लग आधी उघडलात हे उत्तम. खालचा आधी काढून तेल सांडून टाकायचं आणि मग वरचा अडकलेला निघायचा, असे लोक पाहिलेत. गाडी जागची हलत नाही मग.

ही खाच चार सुती आहे, म्हणजे अर्धा इंच. ट्रान्सफर केसचं हे डिझाइन मूळच्या अमेरिकन विलीज जीपच्या काळापासून चालत आलंय, त्यामुळे मापं इंचातली. प्लग ओतीव असतो, खाच आत जाताना किंचित निमुळती होते. रॅचेटला जोडायचं एखादं साधं अर्धा इंची एक्स्टेन्शन (जोडदांडा) घ्या आणि टोकाच्या चारही बाजू ग्राइंडरवर हलक्या घासा. एका बाजूला ०.१ मिमी पुरे. घासताना सारखं पाण्यात बुडवा, निळं पडलं की पोलादाचा कडकपणा गेला आणि टोक पिळवटणार.

लेथकाम (कोल्हापूर) :

चिखलवाट यांच्याशी थोडा मतभेद आहे. एक्स्टेन्शनच्या टोकाला कडा उतरवलेल्या असतात आणि एका बाजूला गोळीचं भोक असतं. तुमच्या प्लगमधला चांगला भाग अगदी तळाशी आहे. नेमका तिथेच एक्स्टेन्शनचा कोपरा उतरलेला असेल, म्हणजे धरायला काहीच उरत नाही. तुम्हाला टोकापर्यंत धारदार चौकोन हवा.

चार सुती चौकोनी की-स्टील घ्या. पुलीच्या चाव्यांसाठी विकतात ते, कुठल्याही बेअरिंगच्या किंवा मशिनरीच्या दुकानात मिळेल. पुण्याला जाणं होत असेल तर बोहरी आळीत सहज. दोन इंची तुकडा कापा. एक टोक कानशीने सपाट आणि काटकोनात करा, कडा अजिबात मारू नका. त्या टोकाचा अर्धा-पाऊण इंच भाग १२.५ मिमी होईपर्यंत घासा, प्लगमध्ये घालून बघत बघत. हलकेच ठोकल्यावर बसला पाहिजे, हाताने सैल जायला नको. बाकीचा भाग १२.७ मिमीच राहू द्या. त्याला बारा इंची स्क्रू पाना घट्ट आवळून लावा. लांब दांड्याची गरज नाही, त्यामुळे जागेचा प्रश्नही सुटतो.

आता महत्त्वाचं. फिरवताना तुकडा खाली सरकतो आणि कोपरे जातात. म्हणून तुकड्याच्या खाली छोटा बॉटल जॅक लावा आणि तो वर दाबून धरेल इतकाच चढवा. गाडी उचलायची नाही, फक्त तुकडा खाचेत रुतलेला राहायला हवा. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे. माझ्या मते हत्यारापेक्षा हा जॅकच जास्त काम करेल.

चारचाकी_कोकण :

लेथकाम यांनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात माझी भर : हे आटे निमुळते असतात, सोळाला एक. प्लग जितका आत जाईल तितका पाचरीसारखा घट्ट बसतो. त्यामुळे तो सुटायला जड, पण पाव फेरा फिरला की एकदम हलका होतो. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. सकाळी गाडी दोन-चार किलोमीटर चालवून डबा गरम करा, मग हॉट एअर गनने प्लगभोवतीचं बीड तापवा, प्लग नाही. बीड फुगलं की पकड सुटते. ज्योत मात्र नको, घाटमाथा यांची भीती रास्त आहे.

आणि पाणी शिरलं कसं, तेही बघा. गरम डबा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर (डब्यातली हवा आत-बाहेर व्हायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. नुसतं तेल बदललंत आणि ब्रीदर साफ केला नाहीत तर पुढच्या ओढ्याला पुन्हा तेच. पुढच्या-मागच्या आसांवरच्या दोन्ही डिफरेन्शियलचं तेलही तपासा, तिथेही हाच प्रकार झालेला असू शकतो.

घाटमाथा :

उघडला! सगळ्यांचे मनापासून आभार. नारायणगावातून की-स्टील आणलं, कानशीने लेथकाम यांनी सांगितलं तसं घासलं, खाली जॅक लावला. स्क्रू पान्याला पहिल्यांदा दाद देईना. बीड तापवल्यावर करकर आवाज झाला आणि सुटला. आतले कोपरे एकही न जाता. आधी नुसतं पाणी आलं, मग कॉफीच्या रंगाचं तेल. ब्रीदर पूर्ण बुजलेला होता, तो काढून डिझेलमध्ये धुतलाय.

आता एक शेवटचं. प्लग वाचला असला तरी तोंड खराबच आहे, परत तोच लावायचा नाही असं ठरवलंय. गावातल्या हार्डवेअरमध्ये पाऊण इंची नळाचा प्लग मिळतोय, दोन फेरे बसतोही. तो चालेल का?

लेथकाम :

नाही, कृपया लावू नका. आपल्याकडे नळकामाला बीएसपी आटे असतात, तुमच्या डब्याला अमेरिकन एनपीटी. पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. पण आट्याचा कोन वेगळा, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. जोर लावलात तर डब्याचे आटे जातील, नाही लावला तर गळेल. हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात पाऊण इंची एनपीटी प्लग म्हणून मागा, नाहीतर पुण्यात नाना पेठेत जुन्या जीपचे सुटे भाग ठेवणाऱ्यांकडे. जुना प्लग सोबत न्या आणि आट्याला आटा लावून बघा. बाहेर चौकोनी डोक्याचा मिळाला तर खाली दगड लागणार नाही इतकी जागा आहे का पाहा, नसेल तर खाचेचाच घ्या. बसवताना आट्यांना थोडं सीलंट लावा आणि बेताने आवळा. पाचरीमुळे बिडाला तडा जातो.

चिखलवाट :

नवीन प्लग येईपर्यंत जुनाच लावून थोडं स्वस्त तेल घाला, गाडी जवळच्या जवळ थोडी चालवा आणि ते काढून टाका. कोपऱ्यात राहिलेलं पाणी त्याबरोबर येईल. मग चांगलं तेल भरा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) आहेत, तिथे जीएल-४ प्रतीचं गिअर तेलच घाला. जीएल-५ डिफरेन्शियलसाठी. आणि तो की-स्टीलचा तुकडा तेल लावून टूलकिटमध्ये ठेवा, नवीन प्लगची खाच बहुधा त्याच मापाची निघेल.