आगबोटीच्या डाकेला उशीर: दोष समुद्राचा की कराराचा?

जुनी_डाक (धाग्याची सुरुवात)

विलायतेच्या डाकेच्या पहिल्या आगबोटींचा विषय निघाला की सगळे 'किती दिवसांत पोहोचली' एवढंच मोजतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की ठरल्या तारखेला निघाली का? पत्र ४० दिवसांनी येतं की ५०, हे मुंबईचा पेढीवाला हिशेबात धरू शकत होता. कधी येईल याचाच भरवसा नसला की सौदा अडायचा. विलायतेवरच्या हुंडीच्या तीन प्रती वेगवेगळ्या डाकांनी जायच्या, आपल्याकडच्या हुंडी, पेठ (दुसरी प्रत), परपेठेसारख्या (तिसरी प्रत). पहिली डाक चुकली तर दुसरी केव्हा, हे कळल्याशिवाय या व्यवस्थेला अर्थ नाही.

विलायतेची डाक तेव्हा मुंबईहून बोटीने सुएझला आणि तिथून इजिप्तमधून जमिनीवरून पुढे जायची. ही मुंबई-सुएझ डाक ईस्ट इंडिया कंपनीने बराच काळ स्वतःच्या आरमाराकडे ठेवली. माझ्या मते घोळ तिथेच होता. बोटी लढाईच्याही होत्या आणि डाकेच्याही. १८४० मध्ये 'अटलांटा' चीनच्या युद्धावर गेली. बोट कंपनीची, डाक कंपनीची, मग उशीर झाला तर दंड कोण कोणाला करणार?

त्याच वर्षी ४ जुलैला कुनार्ड या खासगी ब्रिटिश आगबोट कंपनीची 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बॉस्टनकडे निघाली, ती सरकारी करारावर. वेळापत्रक लेखी, मोडलं तर दंड. अटलांटिक काही अरबी समुद्रापेक्षा मवाळ नाही. मुंबईची डाकही १८५४-५५ च्या सुमारास पी अँड ओ या खासगी ब्रिटिश आगबोट कंपनीकडे करारावर गेली, तेव्हा कुठे तिला वळण लागलं. माझं मत ठाम आहे: उशीर समुद्राने केला नाही, बेजबाबदारीने केला.

हर्णैकर

पूर्ण असहमत. तुम्ही कागद पाहताय, कोळसा पाहत नाही.

मुंबईहून सुएझला गेलेल्या पहिल्या आगबोटीचं, 'ह्यू लिंडसे'चंच घ्या. मुंबईच्या गोदीत बांधलेली, ४११ टनांची, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडनपर्यंतची वाट होती अकरा दिवसांची! मग कोळसा खोल्यांतूनही भरला. २० मार्च १८३० ला निघाली, ३१ मार्चला एडनला लागली, तेव्हा कोळसा जेमतेम काही तासांचा उरला होता. तिथे पुन्हा भरण्यात सहा दिवस गेले. सुएझला पोहोचली २२ एप्रिलला. यात बेजबाबदार कोण? कमांडर विल्सनने जे केलं ते मला आजही धाडसाचं वाटतं.

आणि दोन्ही बाजूंच्या चाकांनी पाणी कापत चालणाऱ्या बोटीची अडचण लक्षात घ्या. कोळसा पूर्ण भरला की चाकं पाण्यात खोल जातात, जोर वाया जातो. कोळसा संपत आला की बोट वर येते आणि चाकं पाणी नीट धरत नाहीत. त्यात जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा समोरून. बोट एका कुशीवर कलली की एक चाक बुडणार, दुसरं हवेत फिरणार. पावसाळ्यात आमच्या हर्णैच्या बंदरात होड्या ओढून ठेवतात, ते काही कोणी करार केला नाही म्हणून नव्हे. एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं त्यामागेही कोळशाच्या ठाण्याची गरज होतीच. तो कोळसाही शिडाच्या जहाजांनी, आफ्रिकेला वळसा घालून यायचा. म्हणजे आगबोटीचं वेळापत्रक शिडाच्या जहाजावर टांगलेलं!

तिकीटपेटी

दोघांच्या मधली एक गोष्ट. फेब्रुवारी १८४४ मध्ये 'ब्रिटानिया' बॉस्टनच्या बंदरात बर्फात अडकली. तिथल्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून सुमारे सात मैल बर्फ कापवला आणि बोट दोन दिवसांच्या उशिराने बाहेर काढली. दंडाची कलमं असूनही निसर्गाने अडवलंच, हे हर्णैकरांच्या बाजूचं. पण ठरलेल्या तारखेला एवढी किंमत आली होती, हे जुनी_डाक यांच्या बाजूचं.

खारा_वारा

मला दंडाच्या कौतुकाचीच भीती वाटते. वेळेचं दडपण समुद्रावर माणसं मारतं. २७ सप्टेंबर १८५४ ला कॉलिन्स लाइन या अमेरिकन कंपनीची 'आर्क्टिक' न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात वेगाने चालली होती. 'वेस्टा' या फ्रेंच आगबोटीशी टक्कर झाली, तीनशेहून अधिक लोक गेले. त्यांत एकही बाई, एकही मूल वाचलं नाही. तीही डाकेचीच बोट होती, सरकारी अनुदानावर चालणारी.

आणि कराराचं अक्षर उशीर टाळतं म्हणता? सुएझ कालवा १८६९ ला उघडला. तरी पुढची काही वर्षं डाकेच्या थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवायच्या, आगगाडीने सुएझला न्यायच्या आणि पुन्हा बोटीवर चढवायच्या, कारण टपालखात्याचा आग्रह तसा होता. बोट स्वतः कालव्यातून जाऊ शकत असताना!

जुनी_डाक

'आर्क्टिक'चं दुःख मान्य, पण तो दाखला माझ्याविरुद्ध जात नाही. कॉलिन्सला कुनार्डपेक्षा वेगवान ठरायचं होतं. मी वेगाची बाजू घेतच नाही. कुनार्डची 'कोलंबिया' १८४३ मध्ये धुक्यात नोव्हा स्कोशियाजवळ खडकावर गेली, पण सगळी माणसं वाचली आणि डाकही वाचली.

कालव्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मला उत्तर नाही. हर्णैकरांचं पावसाळ्याचं गणितही मान्य. मग वेळापत्रकातच पावसाळ्याचे जास्तीचे दिवस लिहा की! लोकांना अंधारात ठेवू नका.

हर्णैकर

हे पहिल्यांदाच तुम्ही पटण्यासारखं बोललात. तरी दंडाबद्दल माझं मत बदलत नाही, आणि त्याचं कारण भट्टीपाशी आहे. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर आमच्या रत्नागिरीकडचे सारंग, टंडेल, खलाशी असत. खाली भट्टीवर आगवाले, पुढे पुढे बरेचसे पठाण आणि पंजाबी. तांबड्या समुद्रात वारा बोटीच्या मागून तिच्याच वेगाने आला की खाली हवाच जात नाही. आगवाले बेशुद्ध पडत, काही मरत. अशा वेळी बोट उलटी फिरवून काही वेळ वाऱ्याकडे तोंड करून चालवायची, म्हणजे खाली श्वास घेता येई. त्यात तास जायचे. उशिराला दंड आहे हे माहीत असलेला कप्तान बोट किती वेळा फिरवेल?

जुनी_डाक

हा प्रश्न मी कधी केलाच नव्हता. दंड निघायच्या उशिराला असावा, पोहोचायच्या नव्हे, इतकं आत्ता म्हणतो. बंदरातून वेळेवर सुटणं माणसाच्या हातात आहे, तिथे सूट देऊ नये. वाटेत बोट फिरवायची की नाही हे कप्तानावर सोडावं, आणि त्याने फिरवली तर त्याच्या पगाराला हात लागू नये.

हर्णैकर

निघायच्या उशिराला दंड, चालेल. पण एडनला कोळशाचं जहाज आलंच नसेल, तर तो उशीर कोणाच्या नावावर टाकाल?