जुनी सुपर्ब घ्यावी की जुनी ३२०डी?

लातूरकर:
१६ लाखांच्या आत गाडी घ्यायची आहे आणि दोन डिझेल सेदानांपाशी येऊन मी अडकलो आहे. पहिली स्कोडा सुपर्ब २.० टीडीआय, २०१७ ची, पुण्यातच एका डॉक्टरांकडे पहिल्यापासून असलेली, ९२ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी बीएमडब्ल्यू ३२०डी, २०१६ च्या अखेरची, मीटरवर ५४ हजार दाखवणारी, पण दिल्लीच्या नंबरची. विक्रेता पुण्यातला असून ‘एनओसी मी आणून देतो’ असे म्हणतो. माझे फिरणे वर्षाला १८ हजार किलोमीटरच्या आसपास होते आणि त्यातले बरेचसे टेंभुर्णी-बार्शीमार्गे लातूरला जाण्या-येण्यात जाते. मागच्या सीटवर बहुतेक वेळा आई-वडील असतात व वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तरीही माझा कल ३२०डीकडे आहे, कारण चाळिशी उलटून गेल्यावर अशा गाडीची हौस पुढे कधी भागवणार, हा प्रश्न मला पडतो. माझे म्हणणे खोडून काढणारे कोणी असेल तर अवश्य लिहावे.

घाटप्रेमी:
खोडून काढण्यासारखे मला त्यात काही दिसत नाही. १९० अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर), मागच्या चाकांना जाणारी ताकद आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढे सगळे या किमतीत नव्या गाडीत मिळणार नाही. सुपर्बची १७७ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर कमी नाहीत, पण ती सारी पुढच्या चाकांवर येते, आणि खंबाटकी चढताना वळणातून बाहेर पडतेवेळी पाय दाबला की या दोन गाड्यांमधला फरक स्टिअरिंगवर ठेवलेल्या हातांना कळतो. ३२०डीच्या टायमिंग चेनबद्दल (इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीबद्दल) जी भीती घातली जाते ती मुख्यतः जुन्या एन४७ इंजिनाची आहे. भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या सुधारित गाडीत बी४७ इंजिन आहे. हौसेची गाडी हिशेबाने घेतली, तर तीन महिन्यांत तिचा कंटाळा येतो.

जुना गॅरेजवाला:
वळणाबद्दल घाटप्रेमी म्हणतात ते मान्य, पण चेनबद्दल त्यांनी अर्धेच सांगितले. बी४७ ची चेन पूर्वीपेक्षा सुधारलेली आहे हे खरे, मात्र तीही इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूलाच आहे, त्यामुळे तिचे काम निघालेच तर मजुरीच अंगावर येते. सुपर्बमध्ये त्याच कामासाठी टायमिंग बेल्ट आहे; तो बदलावा लागतो, पण पुढच्या बाजूने बदलता येतो आणि त्याचा खर्च आधी विचारून ठेवता येतो. डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हटले की लोक दचकतात, तेव्हा हेही सांगतो की बदनाम झालेला गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या क्लचचा होता. या सुपर्बमध्ये तेलात चालणाऱ्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी आहे आणि दर ६० हजार किलोमीटरला त्याचे तेल व फिल्टर बदलणे हीच त्याची मुख्य मागणी असते. डॉक्टरांच्या फायलीत त्या कामाचे बिल आहे का, एवढे पाहा. उलट बीएमडब्ल्यूच्या गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे ऐकून मालक निर्धास्त राहतात, पण खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते, आणि फिल्टर प्लॅस्टिकच्या तेलपात्रातच बसवलेला असल्यामुळे ते अख्खे पात्र नवे घ्यावे लागते.

राहिले ते ५४ हजार. आकड्यापेक्षा ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, ब्रेक पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली कातडी पाहावी. माझ्याकडे एकदा ४० हजारांची म्हणून आलेली गाडी होती (कोणती ते सांगत नाही), तिच्या पेडलच्या रबरावरची नक्षी पार पुसली गेली होती. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सेवाकेंद्रातून सर्व्हिसची नोंद काढा, आणि गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागले तर त्या दिवशी परत या, कारण डिझेलचे खरे दुखणे थंड इंजिन सुरू होताना कळते.

मागच्या सीटवरची:
चर्चा अजून पुढच्या दोन सीटवरच घुटमळते आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे पाच वर्षे ३ सिरीज (३२०डी याच मालिकेतली) होती. सासूबाई तिच्यात बसताना एक हात छताला आणि दुसरा माझ्या खांद्याला लावत. उतरताना तर मीच त्यांना ओढून काढत असे. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमुळे मधला उंचवटाही मोठा आहे, त्यामुळे मागे तिसरा माणूस बसला की सगळेच अवघडतात. सुपर्बही उंच गाडी नाही, पण तिच्यात पाय लांब करता येतात, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात तेच हवे असते.

दुसरे असे की ३२०डीला स्टेपनी नसते. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जातो, हे कागदावर ठीक आहे. बार्शीच्या अलीकडे आमचा टायर खड्ड्यात पंक्चर न होता बाजूने फाटला आणि त्या मापाचा रन-फ्लॅट दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून बसने आला. ती रात्र आम्ही लॉजवर काढली. सासूबाई अजून त्याचे दाखले देतात.

घाटप्रेमी:
स्टेपनी डिकीत ठेवता येते, अनेक जण ठेवतात. एका फाटलेल्या टायरवरून गाडी मोडीत काढू नये.

मागच्या सीटवरची:
जरूर ठेवावी, फक्त ती ४८० लिटरच्या डिकीत ठेवल्यावर आई-वडिलांच्या बॅगा कुठे ठेवायच्या तेही सांगावे. सुपर्बची डिकी ६२५ लिटरची आहे आणि तिची स्टेपनी खालच्या खणात असते.

हिशेबनीस:
माझ्या मते दोन्ही सोडाव्यात, पण ऐकणार नसाल तर निदान दिल्लीची सोडा. ती स्वस्त का मिळते ते समजून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली; ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली, तरी दहाव्या वर्षाकडे निघालेली गाडी बाहेरच्या राज्यात खपवण्याची तिथली घाई त्यामुळे संपलेली नाही. आपल्याकडे नोंदणीची १५ वर्षे मूळ तारखेपासूनच मोजली जातात, म्हणजे इथला नंबर मिळाल्याने गाडी तरुण होत नाही. शिवाय एनओसी, इथला कर, आरटीओची तपासणी आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवणे हे सारे पूर्ण होईपर्यंत पैसे विक्रेत्याकडे अडकतात. ‘आणून देतो’ या शब्दावर टोकन देऊ नये, फॉर्म २८ वरची एनओसी हातात पडल्यावरच बोलावे.

दोन्ही सोडा म्हणतो ते अशासाठी की दोन्ही गाड्या बीएस-४ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या आहेत. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. तिच्यातून काहीही निघो, पाच वर्षांनी ही गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तो विषय काढून भाव पाडणारच.

जुना गॅरेजवाला:
पाच वर्षांत ९० हजार किलोमीटर वापरून घेतल्यावर भाव पडला तर पडू द्या. पुनर्विक्रीच्या धास्तीने गाडी घ्यायची तर कोणतीच घेता येणार नाही.

लातूरकर:
सर्वांचे आभार. काल दोन्ही गाड्या पाहिल्या. ३२०डी पाहायला ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेलो, तरी बॉनेट गरम होते, आणि चॅसी नंबरावरून सर्व्हिसची नोंद काढू का असे विचारताच विक्रेत्याने विषय बदलला. चालवून मात्र पाहिली, आणि घाटप्रेमींचा शब्द न् शब्द खरा आहे. सुपर्बच्या फायलीत ६१ हजारांवर डीएसजीचे तेल बदलल्याचे बिल आहे. टायमिंग बेल्ट मूळचाच आहे, त्यापोटी किंमत कमी करायला डॉक्टर तयार आहेत. वडील मागे बसले, पाय लांब केला आणि उतरायचे नावच घेईनात. आता अडचण वेगळीच आहे. आमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे आणि सुपर्ब ४.८६ मीटर लांब आहे. वॉचमन म्हणतो बसेल, सेक्रेटरी म्हणतात बसणार नाही. रविवारी टेप घेऊन ट्रे स्वतः मोजणार आहे.

घाटप्रेमी:
३२०डी ४.६३ मीटरची आहे. ट्रे आखूड निघाला तर कळवा, महाराष्ट्राच्या नंबरची एक माझ्या पाहण्यात आहे.