गावच्या घरी केबल ठेवावी की छत्री?

ठाण्यातला दापोलीकर

आईबाबा दापोली तालुक्यात गावी असतात, मी ठाण्यात. घरात वर्षानुवर्षं केबल आहे. गेल्या मे महिन्यात मी हौसेने छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवून दिली, पण बाबांनी केबल काही तोडू दिली नाही. सध्या दोन्हीचे पैसे जातायत, टीव्हीखाली दोन डबे आहेत आणि आई तिसऱ्याच रिमोटने पंखा लावायला बघते.

माझं मत: केबल बंद करावी. पहिलं कारण वीज. घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की केबल जाते, कारण वाटेतल्या, सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज नसते. छत्रीला मधे कोणी नाही, घरात करंट असला की बास. दुसरं कारण हिशेब. केबलवाला महिन्याला गोल रक्कम नेतो, पावती मागितली की हसतो. छत्रीचा रिचार्ज मी इथून करतो, कुठली वाहिनी हवी-नको ते मोबाइलवर दिसतं.

बाबांचं म्हणणं एकच, ‘पावसात तुझी छत्री मिटते.’ जुलैत खरंच चार-पाच वेळा मिटली. तर मंडळी, काय करावं?

खांबावरचा माणूस

मी स्वतः केबलवाला आहे, संगमेश्वरकडचा, म्हणजे माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकतो. पावती मिळत नसेल तर ती चूकच, ग्राहकाने मागून घ्यावी. पण ‘गोल रक्कम’ कुठे जाते तेही ऐका. २०१९ पासून नवीन दरपद्धत आली, तेव्हा नुसत्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये ठरले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वाहिन्यांचे पैसे वेगळे. त्या १३० मधले, वेगळा करार नसेल तर, ५५ टक्के मला सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीचे आणि ४५ टक्के माझे. त्यात वायर, शिडी, पोराचा पगार, पेट्रोल. १३० ची मर्यादा २०२४ मध्ये उठली, पण गावात दर वाढवून बघा, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माझ्याकडे थोडक्यात निभावलं, पण दापोली-मंडणगडकडच्या आमच्या धंद्यातल्या लोकांची सगळी वायर माडांबरोबर खाली आली. मी तिकडे आठ दिवस शिडी घेऊन फिरलो. छत्र्याही वाकल्या होत्याच की. त्या सरळ करायला कंपनीचं कोण आलं होतं, ते बाबांना विचारा.

नैऋत्य मोसमी

केबलवाले दादा, मेहनत मान्य. पण वादळाचा दाखला दोन्हीकडे चालतो. छत्रीचा एक पाइप वाकतो, तुमची मैलभर वायर पडते.

धागाकर्त्याला: पावसात सिग्नल जाणं दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. घरगुती छत्रीला येणारी लहर साधारण १२ गिगाहर्ट्झची, म्हणजे लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. दाट सरी आणि जाड ढग ती शोषतात, विखुरतात. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल आधीच अशक्त. ढगफुटीसारखा पाऊस असेल तर दहा-पंधरा मिनिटं जाणारच, त्याला इलाज नाही.

पण साध्या रिपरिपीत जात असेल तर दोष बसवणाऱ्याचा. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असतं, छत्री थोडी तिरकी असली तरी चित्र झकास दिसतं, माणूस पैसे घेऊन जातो. जुलैत कळतं. मेनूत सिग्नलची पट्टी असते, ती कोरड्या दिवशी किती भरते ते आईंना फोनवर विचारा. छत्री पत्र्याच्या शेडवर ठोकली असेल तर वाऱ्याने हलते, ती चिऱ्याच्या भिंतीवर घ्या. समोर आग्नेयेकडे माड वाढलाय का बघा. आणि वायरीच्या टोकाशी पाणी शिरलंय का तेही. खाऱ्या हवेत ते टोक दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं.

खांबावरचा माणूस

हे सगळं बघायला माणूस छपरावर चढणार कोण? ७४ वर्षांचे बाबा?

ठाण्यातला दापोलीकर

७१. पण चढतील, हीच तर भीती आहे.

चिकित्सक चिवडा

एक गंमत कोणी बोललं नाही. केबलवाल्यालाही चित्र उपग्रहावरूनच येतं! फक्त त्यांच्या वरच्या कंपनीच्या छत्र्या खोलीएवढ्या असतात आणि बहुतेक वाहिन्या त्या ४ गिगाहर्ट्झच्या आसपास घेतात. ती लहर साडेसात सेंटिमीटरची, पावसाला फारशी जुमानत नाही. म्हणजे केबल म्हणजे दुसऱ्याची मोठी छत्री भाड्याने घेणं. हे पटलं की वाद सोपा होतो. पावसाचा त्रास कमी, पण मधल्या खांबांचा त्रास जास्त.

मधली सून

सगळे पुरुष गिगाहर्ट्झवर बोलतायत. आमच्याकडे सासूबाईंचा प्रसंग सांगते. रिचार्ज रात्री बाराला संपला, मी विसरले. सकाळी त्यांना वाटलं टीव्ही बिघडला, दिवसभर कोणाला सांगितलं नाही, ‘पोरांना कशाला त्रास’. संध्याकाळी मालिकेच्या वेळी मोठ्या जाऊबाईंकडे गेल्या आणि तिथे विषय निघाला तो मी त्यांची हेळसांड करते असा! केबलवाला दोन महिने पैसे थकले तरी लगेच तोडत नाही. येतो, चहा घेतो, ‘पुढच्या वेळी द्या काकू’ म्हणतो. ही उधारी कुठल्या ॲपमध्ये मिळते?

तरी मी छत्रीच ठेवलीय हं. केबलच्या डब्याचा रिमोट बिघडला तेव्हा महिनाभर ‘उद्या आणतो’ ऐकलं होतं.

नैऋत्य मोसमी

ताई, रिचार्जला मोबाइलवर आठवण लावा. आणि उधारीचं कौतुक करताना फेब्रुवारी २०२३ आठवा. नव्या दरांवरून तंटा झाला, मोठ्या वाहिनी समूहांनी करार न केलेल्या केबल कंपन्यांचा सिग्नल काढून घेतला. कित्येक घरांत मालिका गुल. केबलवाला गोड होता, पण त्याच्या हातात काय होतं?

खांबावरचा माणूस

खरं आहे. त्या दिवसांत शिव्या मात्र मीच खाल्ल्या.

फुकटराव

तुम्ही दोघं भांडा, मी बिनपैशाचं बघतो. दूरदर्शनची फ्री डिश. डबा आणि छत्री एकदाच घ्यायची, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री आहे, बातम्या आहेत. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: २००७ च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते थेट प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दिसतं. केबलवर किंवा पैशाच्या छत्रीवर डीडी स्पोर्ट्स लावलंत तर त्या वेळी भलतंच काही चालू असतं. आमच्या वाडीत सामन्याला गर्दी माझ्याकडे.

मधली सून

आणि संध्याकाळच्या मालिका? पैशाच्या वाहिन्या त्यावर नाहीत. फुकटराव, तुमच्या घरात रिमोट कोणाकडे असतो ते कळलं.

स्ट्रीम_गणेश

२०१० मधला धागा उघडला की काय? ब्रॉडबँड घ्या, सगळं त्यावर बघा.

ठाण्यातला दापोलीकर

गणेश, आमच्याकडे फोनची रेंज विहिरीच्या काठावर येते. आई टीव्ही तिथे नेणार नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. पट्टी बघितली, निम्मीसुद्धा भरत नव्हती. छत्री पडवीच्या पत्र्यावरच होती, नैऋत्य मोसमींनी घरात न येता ओळखलं. चिऱ्याच्या गडग्यावर हलवली, आता पट्टी बरीच वर गेलीय. रविवारी दुपारी चांगली सर आली, चित्र गेलं नाही. मी विजयी मुद्रेने बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, ‘हो, पण शिमग्याला पालखी कशावर बघायची?’ ते माझ्या डोक्यातच नव्हतं. केबलवाला त्याच्या गावच्या वाहिनीवर पालखी, नमन, शाळेचं स्नेहसंमेलन सगळं दाखवतो. बाबांचे गुडघे गेल्यापासून सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, जाणं होत नाही, पालखी ते टीव्हीवर बघतात आणि कोणी खांदा दिला, कोण मुंबईहून आलं नाही, याची मोजदाद करतात. ३६ हजार किलोमीटरवरून ती येणार नाही.

तेव्हा छत्री मुख्य टीव्हीला, आईच्या मालिकांसाठी. केबल माजघरातल्या जुन्या टीव्हीला, सगळ्यात स्वस्त पॅकवर. केबलवाल्याने पावती द्यायचं कबूल केलंय, पण पावतीपुस्तक दापोलीहून आणायचंय म्हणे.

खांबावरचा माणूस

माझ्याकडे दोन कोरी पडलीत. त्याचा पत्ता मला कळवा.

चिकित्सक चिवडा

म्हणजे दोन्हीचे पैसे जाणं चालूच राहिलं ना?

ठाण्यातला दापोलीकर

हो. आणि पंख्याचा रिमोट अजून सापडलेला नाही.